बारा गाड्यांचा उतार

उखाजींनी सरांच्या कानाखाली मारली तेव्हा सरांच्या हातातला चहाचा कप माझ्या पायावर पडला. चहा कढत होता. तरीही मी जागचा हललो नाही, कारण दुसरी चपराक येणार हे स्पष्ट दिसत होते. ती सरांच्या गालावर पडेल की माझ्या, एवढेच ठरायचे होते.

ती सरांच्याच गालावर पडली.

"तुले देव मान्य शे का नही, एकच सांग," उखाजी म्हणाले.

"मान्य शे," सर म्हणाले. त्यांचा ओठ फुटला होता.

दोघे भाऊ आपसांत अहिराणी बोलत. मला ती समजे, पण लिहिण्याइतकी येत नाही. म्हणून त्यांचे पुढचे बोलणे माझ्याच मराठीत देतो.

"मान्य आहे ना? मग माझ्या वाटेत का उभा राहतोस?"

"तुझ्या वाटेत नाही, भाऊ. गाड्यांच्या वाटेत. यंदा त्या ओढू नको. ओढल्यास तर मरशील."

सकाळी सकाळी, चैत्री पौर्णिमेच्या दिवशी, उपास धरलेल्या भगताला त्याच्या अंगणात हे सांगायला बरेच धैर्य लागते किंवा बरेच अज्ञान. सरांकडे अज्ञान नव्हते. ते त्याच अंगणात वाढले होते.

डॉ. निंबा सुपडू बडगुजर पुण्याच्या एका संशोधन संस्थेत घर्षणाचा अभ्यास करीत. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना किंवा लोळताना नेमके काय होते, या विषयात त्यांचे नाव देशाबाहेरही घेतले जाई. मी, दामले, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करीत होतो. देशातल्या निम्म्या लोकांना मात्र ते दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक होते. विज्ञान आणि धर्म या विषयावर ते व्याख्याने देत. सर्वांना आपापल्या जागी राहू द्यावे असले गुळमुळीत ते बोलत नसत. विधी जसाच्या तसा तपासायचा, त्यातले भौतिकशास्त्र अगदी उघडे करायचे आणि मग जे उरते त्याकडे आदराने पाहायचे, अशी त्यांची रीत. मला पहिले दोन टप्पे मान्य होते. तिसरा सुरू झाला की मी घड्याळाकडे पाही.

त्यांचे सर्वांत गाजलेले उदाहरण त्यांच्याच गावचे. करमोद्याला खंडेरावाच्या यात्रेत बारा गाड्या ओढतात. बैल सोडलेल्या बारा बैलगाड्या दोरांनी एकीमागे एक जोडायच्या, त्यांत माणसे ठासून बसवायची आणि ज्याच्या अंगात देव येतो त्या भगताने, पहिल्या गाडीच्या जूचा दोर कमरेला बांधून घेऊन, त्या वेशीपासून देवळापर्यंत ओढत न्यायच्या. बडगुजरांकडे हे भगतपण पिढीजात. वडील सुपडू भगत गेले आणि ते थोरल्या उखाकडे आले. धाकटा निंबा तोवर शिष्यवृत्ती घेऊन पुण्याला पोचला होता.

सरांनी एका दिवाळी अंकात लिहिले होते की वेशीपासून देवळापर्यंत वाटेला किंचित उतार आहे आणि बाजूंनी, मागून शेकडो हात गाड्यांना लागलेले असतात. एकट्या माणसाने ओढण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या बुद्धिवादी मंडळाने हा परिच्छेद फलकावर लावला. पुढचा लावला नाही. तो असा होता: सगळे ढकलतात आणि सगळ्यांना वाटते की एकजण ओढतो आहे; याला कोणी फसवणूक म्हणेल, मी याला गाव म्हणतो.

गावाने दोन्ही परिच्छेद वाचले होते आणि दोन्हींचा राग धरला होता.

यंदा दोन गोष्टी नव्या होत्या. सरपंच झिपरू पाटलांनी वेशीपासून देवळापर्यंतच्या धुळीच्या वाटेवर डांबर ओतून घेतले होते. आणि यात्रेची शोभा वाढावी म्हणून लाकडी चाकांच्या जुन्या गाड्या बाजूला सारून सगळ्या बारा गाड्या रबरी टायरच्या, बेअरिंगच्या, नव्याकोऱ्या गोळा केल्या होत्या. लाकडी चाक धुळीत रुतते, आसावर करकरते. ढकलणारे हात थांबले की गाडी थांबते. डांबरावरचे टायर तसे थांबत नाही. उतार तोच होता, पण त्याला अडवणारे काही उरले नव्हते. आणि भगत बारा गाड्यांच्या पुढे दोराने बांधलेला असतो.

"दाखवतो," सर ओठ पुसत मला म्हणाले. "पाहिल्यावर तरी ऐकतील."

हे त्यांचे वाक्य मी अनेकदा आठवतो. उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून निघालेले ते सर्वांत अशास्त्रीय विधान होते.

झिपरू पाटलांनी हसत परवानगी दिली. "करा प्रयोग, डॉक्टरसाहेब. तुमचंही गाव आहे." आम्ही दोघांनी एक रिकामी गाडी वेशीत आणली, तोंड देवळाकडे केले, आणि मी चाकाखालचा दगड काढला. ढकलले कोणीच नाही. गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी उभी राहिली, मग निघाली. आधी चालणाऱ्या माणसाइतकी, मग पळणाऱ्या पोराइतकी, मग त्याहून जोरात. शेवमुरमुऱ्याच्या दुकानाचे बांबू तिने काडीसारखे मोडले, खुंट्याला बांधलेली एक शेळी चाकाखाली घेतली आणि देवळासमोरच्या दीपमाळेच्या ओट्यावर आदळून ती उलटी झाली. शेळी काही वेळ ओरडत होती. मग थांबली.

सरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत शिक्षकाचे समाधान होते. ते जेमतेम दोन श्वास टिकले.

"येळकोट येळकोट!" कोणीतरी आरोळी ठोकली.

"जय मल्हार!" सगळी वाट गरजली.

झिपरू पाटलांनी दोन्ही हात उंचावले. "पाहिलंत का? बैल नाही, माणूस नाही, हात नाही! देव यंदा घाईत आहे!"

"अहो, उतार आहे हा, पाटील!" मी ओरडलो. "चेंडू ठेवलात तरी जाईल!"

"देवाला चेंडू म्हणतो रे हा पुण्याचा!"

मला पहिला धक्का पाठीत बसला. त्यानंतरचा क्रम मला सांगता येणार नाही. मी डांबरावर पालथा होतो, डांबर तापलेले होते आणि कोणीतरी माझ्या बरगड्यांवर, घाई न करता, लाथा घालत होते. शेजारी सरही पडले होते. "पेपरात लिहितो! बापाच्या देवाला पेपरात विकतो!" असे म्हणत एक धिप्पाड माणूस त्यांचे डोके केसांना धरून उचलत होता आणि खाली आपटत होता. उचलत होता आणि आपटत होता. चष्म्याची काच त्यांच्या भुवईत घुसली होती.

"सोडा त्याला."

उखाजी आले होते. अंगभर भंडारा, कपाळ पिवळे, हातात आसूड. गर्दी फाकली.

"भाऊ आहे माझा. मारायचा तो मी मारीन. तुम्ही कोण?"

त्यांनी सरांना काखेत धरून उठवले आणि स्वतःच्या गोठ्यात आणले. मी मागून रांगत गेलो असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गोठ्यात त्यांनी बादलीतल्या पाण्याने धाकट्या भावाची भुवई धुतली आणि काचेचा तुकडा नखांनी उपसून काढला. सर कण्हले तेव्हा म्हणाले, "लहानपणी बाभळीचा काटा काढायचो तेव्हाही असाच रडायचास."

"भाऊ, दोराची गाठ पाठीमागे असते. तुला ती सोडता येणार नाही."

"गेल्या साली सोडली का? त्याच्या आधी?"

"तेव्हा तू गाड्यांच्या पुढे होतास. यंदा गाड्या तुझ्या पुढे जाऊ पाहतील. तू किती पळशील? बारा गाड्या, वर माणसं. भाऊ, मी तीस वर्षं हेच मोजतोय. याच एका गोष्टीत मी चुकत नाही."

उखाजींनी बादली खाली ठेवली. "बाप मरताना काय म्हणाला, आठवतं? निंबाकडे डोकं गेलं, उखाकडे देव आला. वाटणी झाली तेव्हा शेतही तुझ्या शिक्षणात गेलं. मी बोललो काही? माझ्याकडे वर्षातून हा एक दिवस आहे. एक संध्याकाळ. तेवढ्यात मी सुपडू भगताचा मुलगा असतो. उरलेलं वर्ष मी झिपरू पाटलाचा सालदार गडी असतो. आणि तू म्हणतोस, भाऊ, तेही सोड."

सरांच्या सर्व व्याख्यानांत या प्रश्नासाठी जागा नव्हती.

ऊन उतरू लागले तसे ढोल सुरू झाले. आम्ही वेशीत पोचलो तेव्हा बाराही गाड्या जोडून झाल्या होत्या. प्रत्येक चाकाखाली दगड होता आणि प्रत्येक गाडीत माणसे एकमेकांच्या मांडीवर बसली होती. बायका, लेकुरवाळ्या, म्हातारे. उखाजींच्या अंगात आले होते. डोळे वर, मान डुलते आहे, तोंडाला फेस. कमरेला दोर बांधून झाला होता आणि त्यांच्या दोन्ही काखांखाली हात घालून दोन माणसे उभी होती. सकाळचा धिप्पाड त्यांतलाच एक.

दगड काढायला माणसे खाली वाकली.

"दामले," सर अगदी शांतपणे म्हणाले, "माझा शर्ट धरा."

शर्ट माझ्या हातात देऊन ते उघड्या अंगाने पुढे गेले, भंडाऱ्याच्या परातीत दोन्ही हात बुडवून त्यांनी तोंड माखून घेतले आणि मग त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. तो सरांचा नव्हता. खोल, खरखरीत, शेवटी चिरत जाणारा म्हाताऱ्याचा आवाज. माझ्या शेजारच्या एका वृद्धेने छातीवर हात मारला.

"सुपडू भगत!" ती म्हणाली. "सुपडूचा देव!"

सरांनी उखाजींच्या हातातला आसूड हिसकला आणि स्वतःच्या पाठीवर ओढला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. कातडी फाटली, रक्ताचे थेंब माझ्या तोंडावर उडाले. ढोल थांबले. मला त्या क्षणी जे कळले ते भौतिकशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगाइतके स्वच्छ होते: वडिलांच्या अंगात देव आला की मान कुठल्या बाजूला पडते, कुठला पाय आधी आपटतो, श्वास कुठे तुटतो, हे सगळे एका लहान मुलाने कधीकाळी बारकाईने पाहिले होते आणि त्यातले काहीही विसरलेले नव्हते.

"यंदा मला माणूस नको!" तो आवाज म्हणाला. "माझ्या गाड्या मी नेईन! खाली उतरा! वाट सोडा! उखाची गाठ सोडा!"

कोणी हलेना. सर वळले आणि झिपरू पाटलांच्या तोंडावर त्यांनी आसूड मारला. पाटील गाल धरून गुडघ्यांवर बसले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी डोके जमिनीला टेकले. मग सगळेच. बायका मुले कवटाळून गाड्यांतून उड्या टाकू लागल्या. देवळापर्यंतची वाट दुतर्फा रिकामी झाली. धिप्पाडाने उखाजींची गाठ दातांनी सोडवली आणि त्यांना वाटेबाहेर ओढले. उखाजी भानावर येत होते. कमरेकडे पाहत होते, भावाकडे पाहत होते.

"दगड!" आवाज म्हणाला.

दगड निघाले.

बारा गाड्या एकामागून एक, दोरांना हिसका देत निघाल्या. सुरुवातीच्या वेगात एक सौंदर्य होते, ते मी नाकारणार नाही. मग आवाज वाढत गेला. दोर ताणून तुटले, मागच्या गाड्या पुढच्यांवर चढू लागल्या, एक जू हवेत फिरत जाऊन चिंचेच्या खोडात रुतले. पहिली गाडी दीपमाळेवर आदळली, तिच्यावर दुसरी, तिसरी. लाकूड फुटण्याचा आवाज बंदुकीसारखा येत होता. दीपमाळ कलली आणि त्या ढिगावर दगड दगड होऊन कोसळली. ढीग स्थिर झाल्यावर पहिल्या गाडीचे जू कुठे आहे ते कोणालाच दिसत नव्हते. त्या जूपुढे, दोन हातांवर, उखाजी असणार होते.

सरांचे गणित बरोबर आले होते. ते पाहणारा माणूस त्या हजारो लोकांत मी एकटाच होतो असे मला वाटले. बाकीचे "येळकोट" म्हणत रडत होते. देवाने स्वतःच्या हाताने गाड्या नेल्या होत्या.

पण आणखी एका माणसाला ते दिसले होते.

"सोंग आहे!" उखाजी ओरडले. जवळ पडलेली जूची शिवळ, हातभर लांबीची लाकडी खुंटी, त्यांनी उचलली होती. "हा निंबा आहे! बापाची नक्कल करतोय! माझा देव चोरला यानं!"

शिवळ सरांच्या डाव्या डोळ्यावर बसली. त्या घावाचा आवाज ओला होता. सर खाली बसले, आणि उखाजींनी दुसरा घाव घालण्याआधी गर्दी त्यांच्यावर पडली. देवाच्या तोंडावर घाव घातला होता त्यांनी. धिप्पाडाने त्यांच्या गळपट्टीचे हाड एका गुडघ्याने मोडले. मी ते तुटताना ऐकले. बोटांवर टाचा पडत होत्या. म्हाताऱ्या बायका दगड वेचत होत्या.

"पुणेकर!" पायांच्या जंगलातून उखाजींचे तोंड मला दिसले. दात रक्ताने भरलेले. "तू तर देव मानत नाहीस ना? मग खरं सांग यांना! सोंग आहे की नाही, सांग!"

शेकडो तोंडे माझ्याकडे वळली. संपूर्ण करमोद्यात त्या घटकेला खरे बोलणारा एकच माणूस होता, आणि तो लाथा खात होता. मी बुद्धिवादी मंडळाचा चिटणीस होतो.

"येळकोट येळकोट जय मल्हार," मी म्हणालो आणि सरांच्या पायांवर डोके ठेवले.

मला त्याची आजही खंत नाही. मी दुसरे काही म्हटले असते तर त्या वाटेवर दोन प्रेते पडली असती, कदाचित तीन. डोके ठेवले तेव्हा मी हळूच म्हणालो, "सर, त्यांना ठार मारतायत."

सर उठले. डोळ्याच्या जागी जे होते ते गालावर ओघळत होते. ते चालत गर्दीत शिरले, उखाजींच्या अंगावर आडवे झाले, आणि बापाच्या त्या आवाजात, पुरता श्वासही नसताना, म्हणाले, "हा माझा घोडा आहे. घोडा धन्याला लाथ मारतो. तुमचं काय जातं? याला हात लावाल तर विहिरीला पाणी राहणार नाही."

हात थांबले. दगड एकेक करून खाली पडले. सर तसेच पडून राहिले, ट्रॅक्टर येईपर्यंत. मधून मधून घुमत होते, कारण घुमणे थांबले असते तर हात पुन्हा उठले असते.

तालुक्याच्या दवाखान्यात नेताना ट्रॉलीत दोघे भाऊ शेजारी शेजारी निजवले होते. गावातली चारपाच माणसे कठड्याला धरून हात जोडून उभी. सरांनी उरलेला डोळा उघडला.

"भाऊ," ते कुजबुजले, "फार दुखतंय का?"

उखाजींनी कठड्याकडच्या माणसांकडे पाहिले. मग मोडक्या बोटांचे हात कसेबसे एकत्र आणले.

"तुमची कृपा, देवा," ते म्हणाले.

हे शहाणपण आहे, असे मला तेव्हा वाटले. भावाचा जीव वाचावा म्हणून थोरला भाऊ नाटकात सामील झाला, अशी मी नोंद घेतली. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष चुकीचा.

जूनमध्ये दिल्लीत सरांची विज्ञान आणि धर्म याच विषयावर तीन व्याख्याने ठरलेली होती. त्यांनी ती रद्द केली आणि त्यानंतर धर्मावर एक शब्दही ते कुठे बोलले नाहीत. लोकांनी डोळ्याच्या अपघाताशी त्याचा संबंध जोडला. घर्षणावर मात्र ते एका डोळ्याने काम करीत राहिले, आणि पहिल्यापेक्षा चांगले. दर चैत्रात करमोद्याला जात. गाड्या तिथे आता रिकाम्याच सोडतात. खाली वाळूचा ढीग घालतात. आणि दगड काढण्याची आज्ञा द्यायला देव लागतो. "मी गेलो नाही तर उखाला पुन्हा बांधतील," एवढेच ते मला म्हणाले. तिथे उखाजी सर्वांसमोर त्यांचे पाय धूत. घरात, कोणी नसतानाही, त्यांना देवा म्हणत. निंबा म्हणून त्यांनी पुन्हा कधीच हाक मारली नाही.

सर पुण्यात शेवटच्या आजारात होते तेव्हा उखाजी आले. पांढरी दाढी, वाकडे जुळलेले गळपट्टीचे हाड. खोलीत मी होतो आणि ते दोघे. चौथे कोणी नव्हते. उखाजींनी वाकून पलंगाच्या पायथ्याला हात लावला.

"इथं कोणी पाहत नाही, भाऊ," सर म्हणाले. आवाज अगदी त्यांचा स्वतःचा, बारीक झालेला. "दामले आपलाच आहे. एकदा नावानं हाक मार. एवढंच मागतो."

उखाजींनी सरांच्या पायांवरची चादर नीट केली.

"देवानं मागू नये, देवा," ते म्हणाले. "मागायचं आमच्याकडे असतं."